मदत हवी: ठाणे कोर्टातली थरारकथा, आरोपीचा वकील आणि आईपासून लपवलेली गोष्ट

कळवेकरीण, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतलीय. शहाण्याने चढू नये म्हणतात ती पायरी मी एकदाच चढलेय, तीही बँकेतर्फे चेक बाउन्सच्या केसमध्ये कागद द्यायला. त्यामुळे कोर्टाचं सगळं ऐकीव.

कथा अशी. खारेगावातलं जुनं घर, वर एक मजला वाढवलेला. घरमालक आबा, वय ७२. मूळचे घणसोलीचे. जमीन सिडकोच्या संपादनात गेली, साडेबारा टक्क्यांचा भूखंड अजून वारसांच्या नोंदीत अडकलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका रात्री आबा जिन्याखाली डोकं फुटून पडलेले सापडतात. शेजारी वरवंटा. संध्याकाळीच धाकट्या मुलाशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं, अख्ख्या आळीने ऐकलेलं. पोलीस धाकट्याला उचलतात, ३०२ लागतं. त्याचा वकील म्हणजे आबांचा सख्खा भाचा. तो त्या रात्री त्याच घरी जेवायला होता.

साडेनऊ ते बारा कुठे होतास, यावर धाकटा गप्प. वकील खणत जातो तेव्हा कळतं की आबांचं घणसोलीत दुसरं कुटुंब होतं. तिथे एक मुलगी आहे, आता तिशीची. धाकटा त्या रात्री या बहिणीकडे होता. आईला हे कळू नये म्हणून तो जन्मठेपेला तयार आहे.

शेवट: खच्चून भरलेलं कोर्ट. वकील आईला पिंजऱ्यात उभं करतो, गीतेवर हात ठेवायला लावतो आणि ‘मिलॉर्ड, सत्य काही वेगळंच आहे’ म्हणून सगळं उघडं करतो. आई कोसळते. मागच्या बाकावरून थोरला ओरडतो, ‘मीच मारलं आबांना!’ धाकटा तिथल्या तिथे सुटतो.

कुठे कुठे चुकतंय ते सांगा. शेवट मला स्वतःला फार आवडलाय, त्यामुळे जरा हळू.


अर्धवटराव, रात्री ९:३१

पुभाप्र, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! थोरल्याची ओळ वाचून शिट्टी वाजवली.


शंकासुर, रात्री ९:५०

हळू सांगतो.

१ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर ३०२ लागत नाही. भारतीय न्याय संहिता, कलम १०३. तुमचा खून ऑक्टोबरातला.

गीता सिनेमात. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो, देव मानत नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. पुस्तक लागत नाही.

मिलॉर्ड: सत्र न्यायालयात ‘सर’ किंवा ‘मॅडम’. वकिलांच्या बार कौन्सिलने २००६ मध्येच तसं सांगून ठेवलंय.

मागच्या बाकावरून कबुली आली तर कोर्ट ओरडणाऱ्याला आधी बाहेर काढेल.

कथा आवडली, हे राहिलंच.


काळा_कोट, रात्री ११:४२

एकोणीस वर्षं ठाण्यात फौजदारी करतोय, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. शंकासुरांनी किरकोळ काढलं, मी मोठं काढतो.

तुमचा वकील पहिल्याच पानावर बाद. खुनाच्या रात्री तो त्या घरी जेवायला होता म्हणजे तो साक्षीदार. ज्या केसमध्ये आपल्यालाच साक्ष द्यावी लागेल असं दिसतंय, त्या केसचं वकीलपत्र घेऊ नये, हा बार कौन्सिलचा नियम आहे. सरकारी वकील पहिल्या तारखेला उभा राहून हेच म्हणेल. भाच्याला कथेतून काढा. ठेवायचाच असेल तर जेवून दहाला घरी गेलेला साक्षीदार म्हणून ठेवा.

आणि काढलात तर तुमचाच फायदा आहे. कसा ते सांगतो. अशील वकिलाला जे सांगतो ते वकिलाला बाहेर सांगता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १३२. अशिलाने परवानगी दिली तरच तोंड उघडायचं. केस संपली, वकील बदलला, तरी हे बंधन सुटत नाही. गुन्हा करण्यासाठीच सल्ला मागितला असेल किंवा वकीलपत्र घेतल्यावर काही गुन्हा घडताना दिसला असेल तर गोष्ट वेगळी. पण हे संरक्षण वकील म्हणून कळलेल्या गोष्टीला. भाचा म्हणून स्वयंपाकघरात ऐकलं असेल तर नाही. तुमच्या भाच्याला घणसोलीचं लहानपणापासून माहीत असेल, तर कायदा त्याला गप्प बसवत नाही, नातं बसवतं. परका वकील असेल तर उलटं: नातं काही नाही, पण कायद्याने तोंड शिवलेलं. मला दुसरा जास्त आवडेल.

परका कुठून आणायचा? लीगल एडमधून. घरच्यांनी पाठ फिरवली की असंच होतं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न बघत नाहीत. पहिली भेट जेलमध्ये.

आता तुमच्या लाडक्या शेवटाबद्दल. वकिलाने अशिलाच्या मनाविरुद्ध भर कोर्टात गुपित फोडलं तर टाळ्या पडोत न पडोत, सनदेवर गदा येईल.


कळवेकरीण, रात्री ११:५८

बापरे. भाचा गेला. एवढं त्याचं जेवण रंगवलं होतं, वालाचं बिरडं वगैरे.


माईआत्या, सकाळी ६:२०

बिरडं राहू दे गं. भाचा गेला तरी जेवण कुणीतरी करेलच.

मी नौपाड्यात पन्नास वर्षं राहिले, पण लहानपण मुंबईचं. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नेव्हीतल्या नानावटींचा खटला चालला तेव्हा मी नऊ वर्षांची. १९५९. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली. मग सुप्रीम कोर्टानेही कायम केली. आमच्या वडिलांचं म्हणणं, कोर्टात उभा राहिला तो एकटा नेव्हीवाला नव्हता, प्रत्येकाच्या घरातला नवरा उभा होता. आता ज्युरी नाही ते बरंच. तुझ्या आबांच्या खटल्यात ज्युरी असती तर निम्मी मंडळी आबांचीच बाजू घेऊन बसली असती.

माझी शंका साधी आहे. आईला माहीत नाही, असं का धरून चाललात सगळे? तीस वर्षं नवरा दर काही दिवसांनी घणसोलीला जातोय, आणि बाईला पत्ता नाही? कायद्यातलं मला कळत नाही, संसारातलं कळतं.


अर्धवटराव, सकाळी ८:०५

माईआत्या, दंडवत.


खाडीपल्याड, सकाळी ९:४४

मी घणसोलीचीच, आगरी. म्हणून जरा लांब लिहिते, राग मानू नका.

ताई, तुम्ही भूखंडाचा नुसता उल्लेख करून पुढे गेलात. आमच्याकडे कुठल्याही घरातलं गुपित तिथेच सापडतं. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत, त्यातून सार्वजनिक सोयींचे पावणेचार वजा, हाती पावणेनऊ. आणि ते मिळणार खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना. म्हणजे आजोबा वारले असतील तर आधी वारस कोण ते ठरवा.

मग वारस दाखला काढायला दिवाणी कोर्टात जायचं. पेपरात जाहीर नोटीस: अमुक मयताचे आम्हीच वारस, कुणाची हरकत असल्यास कळवावे. त्या चार ओळींत कोण आहे आणि कोण नाही, हे बघायला अख्खं गाव पेपर घेतं. माझ्या सख्ख्या आत्याचं नाव आमच्या घरच्या अर्जात नव्हतं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. चुकून राहिलं, असं आजही म्हणतात. तिने हरकत घेतली नाही. गौरीला माहेरी आली, जेवली, आणि निघताना आजीला म्हणाली, ‘मी पेपर वाचते गं.’ तेवढंच. मी तेव्हा भांडी घासत होते, हात तसाच राहिला.

तुमच्या कथेतल्या मुलीचं नाव कुठल्या नोटिशीत आहे? नसेलच. मग थोरल्याला ते नसावंसंच वाटणार.


काळा_कोट, दुपारी २:१५

खाडीपल्याड, तुमच्या आत्याचं वाक्य वाचून चहा गार झाला.

आणि कायद्याने तुम्ही बरोबर नस पकडलीत. हा वारस दाखला १८२७ च्या रेग्युलेशनखाली निघतो, कंपनी सरकारच्या काळातला, अजून चालू. आबांनी दुसरं लग्न केलं असेल तर ते कायद्याने शून्य. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला १९४६ पासूनच बंदी आहे, हिंदू विवाह कायदा त्यानंतर ९ वर्षांनी आला. त्या बाईला बायको म्हणून काही मिळणार नाही. पण अशा लग्नातली मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस मानली जातात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाचा जो हिस्सा निघाला असता, त्यातही त्यांचा वाटा आहे. म्हणजे घणसोलीची मुलगी पुढे आली की भूखंडाला आणखी एक वाटेकरी.

दुसरं त्याहून भारी. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम २५: ज्याने खून केला त्याला खून झालेल्याची मालमत्ता वारसाने मिळत नाही. तो आधीच मेला होता असं धरून वाटणी होते. म्हणजे धाकटा दोषी ठरला की त्याचा वाटा थोरल्याच्या आणि आईच्या पदरात. थोरल्याने खून केलाच पाहिजे असं नाही. त्याने फक्त गप्प बसायचं. ‘मीच मारलं’ ओरडणाऱ्या थोरल्यापेक्षा, दर तारखेला डबा घेऊन येणारा आणि काहीच न बोलणारा थोरला मला जास्त भीतीदायक वाटतो.


शंकासुर, दुपारी २:४०

मग मुलगी साक्षीला आली तरी अडचणच. सरकारी वकील म्हणणार, बाई, तुम्हाला भूखंडात वाटा हवाय, धाकट्याने तो कबूल केला म्हणून तुम्ही त्याला त्या रात्री घरी बसवताय.


काळा_कोट, दुपारी २:५२

अगदी हेच म्हणणार. हितसंबंधी साक्षीदार. धाकट्याला वाचवणारी एकुलती एक बाई, आणि तिच्याच येण्याने तिच्यावरचा विश्वास उडतो. कळवेकरीण, हे फुकट देतोय.

अजून एक. आपण गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. ते जितकं उशिरा सांगाल तितकं रचलेलं वाटतं. आणि पुरावा वाट बघत नाही. धाकटा लोकलने गेला ना? ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. स्टेशनवरच्या, दुकानांवरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तो जेलमध्ये आईसाठी गप्प बसलाय आणि बाहेर त्याचं निर्दोषत्व रोज थोडं थोडं पुसलं जातंय. वकिलाला हे कळतंय, अर्ज देऊन फुटेज राखून ठेवता येतं हेही कळतंय, पण ‘घणसोली’ हा शब्द अर्जात लिहायला अशिलाची परवानगी नाही. सिनेमातल्या घड्याळापेक्षा हे घड्याळ बघा.

मोबाइलचं टॉवर लोकेशन पोलिसांकडे असेलच, पण त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं, पूर्वीचं ६५ ब. ते नसेल तर कागद नुसता कागद.


कळवेकरीण, सायंकाळी ७:१०

लोकलमध्ये वाचतेय, कळवा कधी गेलं कळलं नाही, मुंब्र्याला उतरले. कृपया अजून लिहा.


निवृत्त_नाझर, रात्री ८:३०

सर्वांस नमस्कार. कोर्टाच्या कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालो, पण त्याआधी अकरा वर्षं बेंच क्लर्क होतो, साहेबांच्या आसनाखालच्या टेबलाशी. वकील मंडळी कायदा सांगतात, मी कागद कसा तयार होतो ते सांगतो. कथालेखकांना ते कुणी सांगत नाही.

सिनेमात प्रश्नही ऐकू येतो आणि उत्तरही. आमच्याकडे बहुधा प्रश्न कागदावर येतच नाही. वकील विचारतात, साक्षीदार बोलतो, साहेब ते एका वाक्यात बसवून टायपिस्टला सांगतात. उदाहरणार्थ, उलटतपासात वकील म्हणतात, ‘बाई, तुम्ही त्या रात्री घरी नव्हताच.’ बाई म्हणते, ‘अहो होते की, रात्रीची कुठं जाणार?’ कागदावर येतं: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या रात्री घरी नव्हते.’ वकील लोक याला सजेशन देणं म्हणतात. दिवसभरात अशी शंभर वाक्यं टाइप होतात. नकार आणि नकाराचा नकार. नवीन टायपिस्ट हमखास चुकतो, एक ‘नाही’ गाळतो आणि साक्ष उलटी होते.

एक प्रसंग सांगतो. गाव नाही, साल नाही. वयस्क विधवा बाई साक्षीला होती. आरोपीच्या वकिलांनी सजेशन दिलं की तुमच्या मयत नवऱ्याचे बाहेर संबंध होते आणि त्यावरून घरात वाद होत. बाई म्हणाली, ‘खोटं आहे.’ पद्धतीप्रमाणे टाइप झालं: ‘हे म्हणणे खरे नाही की, माझ्या पतीचे अमुक बाईशी संबंध होते व त्यावरून आमच्यात वाद होत असत.’ साक्ष संपल्यावर कागद सहीला बाईंपुढे ठेवला. त्या बोट ठेवून वाचत होत्या, चौथी झाली असावी. त्या ओळीवर बोट थांबलं. मला विचारतात, ‘मी नाही म्हटलं ना? मग नाही म्हटलेलं लिहिलं कशाला?’ मी म्हटलं, ‘बाई, तुम्ही नाही म्हटलं, हेच लिहिलंय.’ म्हणाल्या, ‘पण त्यात सगळं आलंय की.’

सही केली. दोनेक महिन्यांनी नकला विभागाबाहेर दिसल्या. त्यांना नक्कल नको होती. एवढंच विचारायचं होतं की नक्कल कुणालाही मिळते का. मी सांगितलं, तिऱ्हाइताला अर्ज करून कारण द्यावं लागतं. बऱ्याच वेळ बाकावर बसून होत्या.

तुमची आई कोसळण्याची गरज नाही. ती ओळ टाइप झाली की पुरे.


माईआत्या, रात्री ८:५५

नाझरसाहेब, हे कुठेतरी लिहून ठेवा हो. इथे नाही, वहीत.


काळा_कोट, रात्री १०:२०

नाझरकाकांनी जे सांगितलं ते मी रोज करतो आणि रोज विसरतो.

वाचकांना वाटेल, मग वकिलाने सजेशन देऊच नये. तसं चालत नाही. आपला बचाव साक्षीदारापुढे मांडला नाही तर शेवटी युक्तिवादात कोर्ट म्हणतं, हे तुम्ही उलटतपासात विचारलंच नाही, आता मागाहून सुचलं काय? धाकटा घरी नव्हता हे कुणापुढे तरी ठेवावंच लागेल. माझ्यासारखा वकील ते तपास अधिकाऱ्यापुढे ठेवेल. ‘हे म्हणणे खरे नाही की, आरोपीचे टॉवर लोकेशन घटनास्थळाचे नसल्याने मी ते दडविले.’ घणसोली नाही, बहीण नाही, आई नाही. निम्मं काम होतं.

निम्मंच, कारण आई सरकारतर्फे साक्षीदार असणार. घरात तीच होती. पोलिसांना तिने काय सांगितलंय, हे ठरवलंय का?


कळवेकरीण, रात्री १०:३१

लिहिलंय की तिला काही आठवत नाही, धक्क्यात आहे.


माईआत्या, रात्री १०:४०

छे. आईला सगळं आठवतं. तिने पोलिसांना सांगितलं असेल, ‘माझा मुलगा रात्रभर घरीच होता, माझ्या डोळ्यांसमोर झोपला होता.’ तिला वाटलं, पोराला वाचवतेय.


शंकासुर, रात्री १०:४३

आणि खून घरातच झालाय.


माईआत्या, रात्री १०:४४

हो ना.


अर्धवटराव, रात्री १०:४६

अंगावर काटा आला, खरंच. शिट्टी परत घेतो.


खाडीपल्याड, रात्री ११:०५

म्हणजे माईआत्या, तिला ठाऊकच होतं तो कुठे गेलाय. घणसोलीचं नाव पोलिसांत नको म्हणून ‘घरी होता’ म्हणाली. मुलगा आईसाठी गप्प, आई मुलाला माहीत नाही समजून गप्प. आणि थोरल्याला दोन्ही माहीत.

आमच्याकडे अशा बाया आहेत. सवतीच्या मुलाच्या हळदीला जात नाहीत, पण साडी जाते. कुणाच्या हाती पाठवली ते कधी कळत नाही.


काळा_कोट, रात्री ११:२०

आता हे उभं राहतंय. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि तो फक्त विसंगती दाखवायला वापरता येतो. त्यामुळे आई कोर्टात वेगळं बोलली तर अडकवणारा एक कागद आहे, पण तिचा हात बांधलेला नाही.

वकिलाला तिला एवढंच विचारता येईल की मुलगा घरी नव्हता ना. त्यापुढे ‘घणसोली’ तो उच्चारू शकत नाही, अशिलाला शब्द दिलाय. तो प्रश्न असा विचारेल की तिला सहज निसटता यावं. ती निसटते की नाही, ते लेखिकेने ठरवावं.

शंकासुर विचारायच्या आत सांगतो: नवरा-बायकोमधल्या बोलण्याला कायद्यात संरक्षण आहे, साक्ष अधिनियमाचं कलम १२८. आबा तिला काय म्हणाले ते तिला सांगता येणार नाही अशी हरकत येऊ शकते. तिने स्वतः काय पाहिलं, काय केलं, ते सांगता येतं.


शंकासुर, रात्री ११:२४

विचारणारच होतो.


निवृत्त_नाझर, रात्री ११:४०

आणखी एक सोय आहे, लेखिकाबाईंनी ती वापरावी. साक्षीदार विचारलेल्यापेक्षा जास्त बोलला तर साहेब टाइप करायला सांगतात, ‘साक्षीदार स्वतःहून सांगते की’. वकिलांना ही चार शब्दांची सुरुवात अजिबात आवडत नाही. दोन्हीकडच्या.


कळवेकरीण, तिसऱ्या दिवशी, रात्री १:१५

झोप नाही. शेवट नव्याने लिहिला. भाचा दहाला घरी गेला, बिरडं खाऊन. वकील लीगल एडचा, तळावपाळीजवळ भाड्याने राहतो, कोर्टनाक्यापर्यंत चालत जातो. धाकट्याला तो ठाण्याच्या जेलमध्ये भेटतो. तिथे माझ्या आजोबांच्या बोलण्यातलं एक वाक्य घातलंय, की या जुन्या किल्ल्यातच १९१० मध्ये अनंत कान्हेऱ्यांना फाशी झाली. धाकट्याला तो इतिहास शाळेत पाठ होता आणि आता तो त्या भिंतीच्या आत आहे. जास्त ताणलं नाही.

थोरला शेवटपर्यंत काही बोलत नाही. खुनी कोण ते इथे सांगणार नाही, अंक विकत घ्या.

आईची साक्ष अशी:

‘सरकारी साक्षीदार क्र. ३. आरोपीतर्फे उलटतपास.

हे म्हणणे खरे आहे की, आरोपी रात्रभर घरी होता असे मी पोलिसांना सांगितले होते. ते मी खरे सांगितले नव्हते. आरोपी रात्री नऊनंतर घरी नव्हता. तो कोठे जातो हे त्याने मला सांगितले नाही. हे म्हणणे खरे नाही की, तो कोठे गेला हे मला ठाऊक नव्हते. साक्षीदार स्वतःहून सांगते की, तो घणसोलीला बहिणीकडे गेला होता. तो महिन्यातून एकदा जातो. त्या मुलीच्या बारशाला मी कुंची शिवून पाठवली होती.’


अर्धवटराव, रात्री १:२२

.


खाडीपल्याड, सकाळी ७:३०

कुंचीला मोत्याची झालर होती का, एवढंच विचारते. आमच्याकडे लावतात. तिने लावली असेल.


शंकासुर, सकाळी ८:१०

‘घणसोलीला गेला होता’ हे तिचं अनुमान आहे, तिने त्याला तिथे पाहिलं नाही. सरकारी वकील हरकत घेईल.


काळा_कोट, सकाळी ८:४५

घेईल. आणि तिला फितूर ठरवायची परवानगीही मागेल. पण ‘नऊनंतर घरी नव्हता’ हे तिच्या डोळ्यांसमोरचं आहे, ते कुणाला पुसता येत नाही. कळवेकरीण, वकिलाने शब्द पाळला. दोन्ही वेळा ‘नाही’ कुठे आहे ते मी तीनदा वाचलं.


माईआत्या, सकाळी ९:००

धाकटा तिथे बसलेला असेल ना आरोपीच्या पिंजऱ्यात? त्याचं काय झालं ते लिहू नकोस. मला दिसतंय.


निवृत्त_नाझर, सकाळी ९:४०

मजकूर बरोबर आहे. एक त्रुटी. सरकारी वकील पुढे काय करतात ते लिहिलेलं नाही.


कळवेकरीण, सकाळी ९:५२

काका, माझ्या कथेत ते उठतात, आईकडे बघतात आणि काही न विचारता खाली बसतात. चालेल?


निवृत्त_नाझर, सकाळी ९:५८

चालेल, असे सरकारी वकील मी पाहिलेत. मग खाली एक ओळ येईल: ‘फेरतपास नाही.’ आणि त्याखाली: ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ मग आईची सही.


कळवेकरीण, सकाळी १०:०३

टाकलं.